स्वयंसेवी अ‍ॅडमिनांची नियमावली : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

आजपासून काम सुरू. आमचा माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी जग बांधायच्या खेळाचा जावा आवृत्तीचा सर्व्हर पूर्णपणे स्वयंसेवकांच्या जिवावर चालतो. पगार कुणालाच नाही. नियम आहेत, पण ते खेळाडूंसाठी. अ‍ॅडमिनांनी कसं वागायचं हे कुठेच लिहिलेलं नाही. जुने लोक नव्यांना तोंडी सांगतात आणि नवे त्यातलं आठवेल तेवढं पाळतात. डिसेंबरच्या शेवटी एकाच प्रकारच्या ग्रीफिंगसाठी (दुसऱ्याचं बांधकाम मुद्दाम उद्ध्वस्त करणं) दोन खेळाडूंना दोन अ‍ॅडमिनांनी वेगवेगळी शिक्षा दिली. एकाला वॉर्निंग, दुसऱ्याला कायमचा बॅन. दोघेही अ‍ॅडमिन मनापासून काम करणारे आहेत, दोघांनाही आपला निर्णय बरोबर वाटत होता. बॅन झालेल्या खेळाडूने विचारलं, "मला कोणता नियम लावला, तेवढं तरी सांगा." त्याला दाखवायला आमच्याकडे कागद नव्हता.

मसुदा मी लिहायचा, टीमने दर आठवड्याला वाचून हरकती घ्यायच्या, असं ठरलं. पहिली ओळ आजच लिहून ठेवली: अ‍ॅडमिनने अधिकार वापरला की त्याची नोंद राहिली पाहिजे, आणि ती नोंद त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला तरी तपासता आली पाहिजे. बाकीची कलमं या ओळीला धरून लिहायचा माझा प्रयत्न राहील. टीममधल्या काहींना ही ओळ अविश्वासाची वाटली. मला ती अ‍ॅडमिनच्या बाजूची वाटते. ज्याच्या कामाची नोंद आहे त्याच्यावर कुणी खोटा आळ घेतला तर तो दोन मिनिटांत निघतो.

९ जानेवारी

आधी अधिकारांची झाडाझडती. माइनक्राफ्टमध्ये ऑपच्या, म्हणजे जादा अधिकार दिलेल्या ऑपरेटरच्या, चार पातळ्या असतात. पहिलीत स्पॉनभोवतीच्या (नवा खेळाडू जिथे उतरतो ती जागा) संरक्षित जागेत तोडफोड-बांधकाम करता येतं, बस. दुसरीत गिव्ह (वस्तू देणं), गेममोड (खेळण्याची पद्धत बदलणं), टेलिपोर्ट अशा कमांड आणि त्या आपोआप चालवणारे कमांड ब्लॉक येतात. तिसरीत किक (तेवढ्यापुरतं बाहेर काढणं), बॅन आणि दुसऱ्याला ऑप करणं किंवा त्याचं ऑप काढणं. चौथीत सर्व्हर बंद करण्यापर्यंत सगळं. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मुद्दाम बदल केला नाही तर ऑप केलेल्या प्रत्येकाला थेट चौथी पातळी मिळते, आणि आमच्याकडे तो बदल कुणी केलेला नव्हता. ज्याने फक्त चॅटवर लक्ष ठेवायचं, त्यालाही सर्व्हर बंद करता येत होता. ऑपच्या फाइलमध्ये खेळ सोडून गेलेल्या लोकांची नावंही निघाली. त्यातलं एखादं अकाउंट चोरीला गेलं असतं तर चोराला सगळा सर्व्हर आयता मिळाला असता.

ठरलं ते असं: खेळताना ऑप कुणालाही नाही. त्याऐवजी लकपर्म्स या परवानग्या सांभाळणाऱ्या प्लगिनमध्ये (सर्व्हरला जोडायचा प्रोग्राम) तीन गट. मदतनीस प्रश्नांना उत्तरं देईल आणि थोड्या वेळापुरतं म्यूट करू शकेल. मॉडरेटरला किक, मुदतीचा बॅन आणि कोअरप्रोटेक्ट या नोंदी ठेवणाऱ्या प्लगिनमधली तपासणी. अ‍ॅडमिनला रोलबॅक (झालेली तोडफोड पूर्ववत करणं) आणि कायमचा बॅन. होस्टिंगचं पॅनेल आणि कन्सोल (सर्व्हरला थेट हुकूम द्यायची जागा) सर्व्हर चालवणाऱ्या दोघांकडेच राहील, आणि त्या दोघांनी शिक्षेच्या निर्णयात पडायचं नाही. लॉगच्या, म्हणजे सर्व्हरवर काय घडलं त्याच्या नोंदीच्या, फाइली ज्यांच्या हातात आहेत त्यांनीच शिक्षा देऊ नये, हे त्यामागचं कारण. लकपर्म्स स्वतःचाही लॉग ठेवतं: कुणी, कुणाला, कोणती परमिशन कधी दिली. एखाद्या इव्हेंटपुरता क्रिएटिव्ह मोड (ज्यात हव्या त्या वस्तू आयत्या मिळतात) लागला तर मुदतीची परमिशन द्यायची. वेळ संपली की ती आपोआप निघते.

आणखी एक कलम यातच घातलं. अ‍ॅडमिनपद देणगीदाराला बक्षीस म्हणून मिळणार नाही. पैसे घेऊन खेळात वरचढ करणाऱ्या गोष्टी विकायच्या नाहीत, हे माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगने २०१४ मध्येच सर्व्हरचालकांना स्पष्ट केलं आहे. तसा नियम नसता तरी हे कलम मी लिहिलंच असतं.

१५ जानेवारी

आजचा विषय सगळ्यात अवघड: अ‍ॅडमिन स्वतःही खेळतो. खेळलाच पाहिजे, जो खेळत नाही त्याला खेळाडूंचं दुखणं कळत नाही. पण त्याचं गाव आहे, त्याचे सोबती आहेत, शेजारच्या गटाशी त्याची चुरस आहे. आणि त्याच्या हातात स्पेक्टेटर मोड आहे. भिंतीतून आरपार जाता येतं, जमिनीखालचं सगळं दिसतं. व्हॅनिश करून, म्हणजे अदृश्य होऊन, तो कुणाच्या बैठकीतही बसू शकतो. त्याने एकही वस्तू उचलली नाही तरी शत्रूचा खजिना कुठे पुरलाय हे एकदा पाहिल्यावर तो ते विसरणार कसा?

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या खेळाचं उदाहरण टीमसमोर ठेवलं. २००७ मध्ये उघड झालं की खेळ बनवणाऱ्या सीसीपी कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने, स्वतः ज्या गटातून खेळत होता त्या गटाला दुर्मिळ ब्लूप्रिंट (खेळातल्या वस्तू बनवण्याचे आराखडे) मिळवून दिले होते. तो पगारी माणूस होता, तरी मोह झाला. पुढे कंपनीने आपल्याच लोकांवर लक्ष ठेवणारा अंतर्गत विभाग उभारला आणि २००८ मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेलं कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट आलं. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की एका माणसाच्या पक्षपातामुळे खेळाडूंचा अख्ख्या खेळावरचा विश्वास डळमळला. ज्यांनी प्रामाणिकपणे लढाया जिंकल्या होत्या त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहायला लागले.

त्यावरून लिहिलेली कलमं. अ‍ॅडमिनची दोन अकाउंट: खेळायचं वेगळं, कामाचं वेगळं. खेळायच्या अकाउंटला कुठलीच जादा परमिशन नाही. कामाच्या अकाउंटने एकही ब्लॉक स्वतःसाठी तोडायचा नाही. स्पेक्टेटरमध्ये जायचं तर आधी टीमच्या चॅनेलवर तक्रारीचा क्रमांक टाकून जायचं. ज्या भांडणात आपला गट, आपला सोबती किंवा आपण स्वतः आहोत, तिथे निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, मग आपली बाजू शंभर टक्के बरोबर का असेना.

शेवटच्या वाक्यावर बराच वेळ वाद झाला. एकाचं म्हणणं, रात्री उशिरा दुसरा अ‍ॅडमिन ऑनलाइन नसतो, समोर कुणी आपलंच घर पेटवत असेल तर काय हात बांधून बसायचं? त्यासाठी सवलत लिहिली: चालू नुकसान थांबवण्यापुरतं किक किंवा एका दिवसाचा बॅन करता येईल, पण शिक्षा दुसराच ठरवेल. आग विझवणं वेगळं, न्याय करणं वेगळं. ही सवलत सुचली ती त्या हरकतीमुळेच, आणि मूळ कलमापेक्षा आताचं कलम जास्त चांगलं आहे.

१८ जानेवारी

तांत्रिक बाजू तपासली. आम्ही वापरतो त्या पेपर या सर्व्हर सॉफ्टवेअरवर खेळाडूने दिलेली प्रत्येक कमांड लॉगमध्ये उतरते, जुन्या लॉगच्या तारीखवार जीझिप फाइली तयार होतात. कोअरप्रोटेक्ट ब्लॉक, पेट्यांमधली देवघेव, चॅट, कमांड हे सगळं डेटाबेसमध्ये ठेवतं. जुनी नोंद पुसण्याची पर्जची कमांड मात्र फक्त कन्सोलवरून चालेल अशी ठेवली. टीमची चर्चा डिस्कॉर्डवर होते, तिथला ऑडिट लॉग ४५ दिवसच टिकतो. म्हणजे एखाद्या मॉडरेटरने मेसेज पुसला आणि दोन महिन्यांनी अपील आलं तर हातात काही राहत नाही. म्हणून निर्णयांची नोंदवही वेगळी ठेवायची.

खेळाडूची नोंद नावाने ठेवायची नाही, यूयूआयडीने (अकाउंटचा कायमचा ओळखक्रमांक) ठेवायची. २०१५ पासून माइनक्राफ्टमध्ये नाव बदलता येतं, यूयूआयडी बदलत नाही.

२४ जानेवारी

पुरावा. यावर पाहिजे तेवढा वेळ घालवायचा, असं आधीच ठरवलं होतं.

सगळ्यात जास्त तक्रारी एक्सरेच्या. म्हणजे दगडाआडचं खनिज दिसेल असा बदललेला क्लायंट (खेळाडूच्या संगणकावरचा खेळाचा प्रोग्राम) किंवा टेक्स्चर पॅक वापरणं. तक्रार साधारण अशी येते: "त्याच्याकडे एका दिवसात एवढे हिरे कसे आले?" ही शंका झाली, पुरावा झाला नाही. १.१८ आवृत्तीपासून हिरे जमिनीत जितकं खोल जावं तितके जास्त सापडतात, त्यामुळे ज्याला हे ठाऊक आहे तो सरळ तळाशी उतरतो आणि खरंच भरपूर हिरे घेऊन येतो. मोठ्या गुहांच्या भिंतींत ते उघडेही दिसतात. नशीबही असतंच.

मग पाहायचं काय? बोगद्याचा आकार. प्रामाणिक खाणकाम करणारा सरळ बोगदा काढतो आणि खनिज दिसलं की वळतो. एक्सरेवाला काही दिसायच्या आधीच वळतो: अखंड दगडातून तिरका जातो, नेमका हिऱ्यापाशी थांबतो, तिथून पुन्हा अखंड दगडातून पुढच्या हिऱ्याकडे. कोअरप्रोटेक्टच्या लुकअपमध्ये ब्लॉक कोणत्या क्रमाने फुटले ते वेळेसकट मिळतं, त्यावरून बोगदा डोळ्यांसमोर उभा करता येतो. वाटेतला कोळसा, लोखंड त्याने घेतलं की सोडून दिलं, हेही पाहायचं. एकदा असं वळण आलं तर तो योगायोग असू शकतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी तेच दिसलं तर कारवाई. पेपरमधलं अँटी-एक्सरे (दगडाआडची खनिजं लपवणारी सोय) चालू केलं आहे, त्याने नव्या तक्रारी कमी व्हाव्यात.

काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह या नेमबाजीच्या खेळात २०१३ साली ओव्हरवॉच नावाची सोय आली होती. अनुभवी खेळाडूंना संशयिताच्या सामन्याचं रेकॉर्डिंग दाखवायचे, पण सगळ्या खेळाडूंची नावं झाकून. चॅट नाही, आवाज नाही. खेळ तेवढा पाहायचा आणि पुरावा निःसंशय आहे की अपुरा आहे ते सांगायचं. नाव झाकण्याची कल्पना मला फार आवडली. "हा तर नेहमीचाच उपद्रवी" असं मनात धरून लॉग उघडला की प्रत्येक वळण संशयास्पद दिसायला लागतं. आता आमच्याकडे तक्रार घेणारा लॉगमधलं नाव काढून तो तपासणाऱ्याकडे देईल. छोट्या सर्व्हरवर कोण कुठे खणतं हे ओळखू येतं, त्यामुळे आमचं झाकण अर्धवटच राहणार. तरी करायचं.

नव्या मॉडरेटरांसाठी सरावाचे जुने लॉग गोळा केले. त्यात निर्दोष निघालेल्यांचेही घेतले. फक्त दोषींचे लॉग पाहून शिकलेल्याला सगळीकडे दोषीच दिसतील.

२७ जानेवारी

बॅनचं कारण. माइनक्राफ्टच्या मूळ बॅन कमांडला कारण दिलं नाही तर ती स्वतःच एक वाक्य लिहिते, ज्याचा अर्थ एवढाच की ऑपरेटरने तुम्हाला बॅन केलं आहे. बॅनच्या यादीत कुणी केलं ते कळतं, का केलं ते नाही. आमच्या जुन्या यादीत अशा नोंदी खूप आहेत. त्या पाहून वाईट वाटलं, कारण त्या प्रत्येकामागे एक माणूस आहे ज्याला एके दिवशी दार बंद दिसलं आणि का ते कधी कळलं नाही.

आता कारणाशिवाय बॅन होणारच नाही अशी सोय केली. कारणात चार गोष्टी: नियमाचा क्रमांक, काय घडलं, मुदत, अपील कुठे करायचं. मूळ कमांडला मुदत देता येत नाही, त्यासाठी प्लगिन आहे. भाषा "तुम्ही"ची. टोमणा नाही, "आता भोगा" नाही. समोरचा कितीही शिव्या देऊन गेलेला असो.

शिक्षेची उतरंडही लिहिली: वॉर्निंग, म्यूट किंवा एक दिवसाचा बॅन, आठवडा, महिना, कायमचा. थेट शेवटच्या पायरीवर जाण्याची कारणं मोजकीच: सर्व्हर पाडण्याचा प्रयत्न, कुणाची खासगी माहिती उघड करणं, अल्पवयीन मुलांशी गैरवर्तन. शिवीगाळ त्यात नाही. रागाच्या भरात बोललेला माणूस आठवड्याने परत येऊन नीट खेळू शकतो, असं मी अनेकदा पाहिलं आहे.

२ फेब्रुवारी

आज मसुदा बाजूला ठेवून जुन्या ऑनलाइन खेळांचा इतिहास वाचला. १९७८ मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने मड हा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टलने तो वाढवला. त्यात पुरेसे गुण मिळवलेला खेळाडू विझर्ड व्हायचा आणि त्याला इतर खेळाडूंवर सत्ता मिळायची. म्हणजे खेळात पटाईत असणं हीच कारभाराची पात्रता. हे आजही चालतं. जो सगळ्यात जास्त वेळ खेळतो त्याला मॉडरेटर करतात. पण चांगलं खेळणं आणि भांडण शांतपणे ऐकून घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या निवडीत आता खेळलेल्या तासांना एक किमान मर्यादा आहे, त्यापुढे तासांना काही किंमत नाही. उमेदवाराने चॅटमध्ये वाद कसे हाताळले ते पाहायचं.

लॅम्डामूची हकिगत मात्र दिवसभर डोक्यात राहिली. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिसने १९९० मध्ये सुरू केलेलं हे फक्त मजकुरातून खेळायचं जग. १९९२ च्या अखेरीस कर्टिसने जाहीर केलं की विझर्ड यापुढे तंत्र तेवढं सांभाळतील, लोकांची भांडणं लोकांनीच सोडवावीत. काही महिन्यांत, १९९३ मध्ये, एका खेळाडूने एक प्रोग्राम वापरून दुसऱ्यांच्या पात्रांच्या नावे अश्लील, हिंसक वर्णनं सगळ्यांसमोर टाकली. ज्यांची पात्रं होती त्यांना तो खराखुरा आघात वाटला. लोकांची मोठी बैठक झाली, तास-तास चर्चा झाली, पण निर्णय झाला नाही, कारण निर्णय घेण्याची पद्धतच नव्हती. शेवटी एका विझर्डने एकट्याने ते अकाउंट नष्ट केलं. त्यानंतर याचिका आणि मतदानाची पद्धत आली. १९९६ मध्ये विझर्डांनी पुन्हा जाहीर केलं की सामाजिक बाबींतून पूर्ण बाहेर राहणं त्यांना जमलं नाही.

त्या विझर्डला मी दोष देऊ शकत नाही. बहुतेकांना तेच हवं होतं. पण अधिकारवाल्याने "आम्ही पडत नाही" म्हटल्याने अधिकार नाहीसा होत नाही, तो कुणाच्या तरी हातात राहतोच, आणि मग ऐन वेळी एकट्याच्या विवेकावर सगळं येऊन पडतं. आमच्या मसुद्यात एक वाक्य होतं: "खेळाडूंच्या आपसातल्या वादात अ‍ॅडमिन पडणार नाहीत." ते काढलं. त्याऐवजी कोणत्या वादात पडायचं (छळ, धमकी, फसवून घेतलेल्या वस्तू, जमिनीच्या हद्दी) आणि कोणत्यात नाही (गटातली फूट, ठरलेल्या लढाईतला पराभव) हे नावानिशी लिहिलं.

६ फेब्रुवारी

टीमकडून मोठी हरकत आली, आणि ती रास्त आहे. "आम्ही फुकट काम करतो. संध्याकाळचा मोकळा वेळ यात जातो. आता प्रत्येक गोष्टीची नोंद, क्रमांक, दुसऱ्याची संमती. आम्ही काय नोकर आहोत का?"

या प्रश्नाचा इतिहास कोर्टापर्यंत गेलेला आहे. अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीच्या चॅटरूम वगैरे सांभाळणाऱ्या माजी स्वयंसेवकांनी १९९९ मध्ये दावा लावला की आमच्याकडून कर्मचाऱ्यांसारखं काम करून घेतलं गेलं, तेव्हा किमान वेतन द्या. त्यांना ठरलेल्या पाळ्या होत्या, कामाचे अहवाल द्यावे लागत. तो दावा दहा-अकरा वर्षांनी दीड कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला. अल्टिमा ऑनलाइन या खेळाच्या काउन्सेलर म्हणवणाऱ्या स्वयंसेवकांनीही २००० मध्ये असाच दावा लावला होता. आमचा सर्व्हर कंपनीचा नाही आणि यातून कुणी कमावत नाही, तरी त्या लोकांची तक्रार मला मनापासून पटते. प्रेमाने केलेल्या कामावर हक्क सांगायला लागलं की प्रेम संपतं.

म्हणून भेद केला. वेळेची सक्ती नाही: पाळ्या नाहीत, किमान तास नाहीत, "आज जमणार नाही" म्हणायला कारण द्यावं लागणार नाही, आणि महिनाभर रजेवर गेलेल्याचं पद जाणार नाही, फक्त परमिशन तेवढ्या काळापुरत्या थांबतील. पण ज्या घडीला अधिकार वापरला त्या घडीची नोंद मात्र सक्तीची. नोंदीचा त्रास कमी व्हावा म्हणून सर्व्हर चालवणाऱ्यांपैकी एकाने छोटी स्क्रिप्ट लिहिली: बॅन किंवा म्यूट झाला की नोंदवहीत ओळ आपोआप पडते, अ‍ॅडमिनने फक्त पुराव्याचा दुवा आणि एक वाक्य भरायचं. यानंतर विरोध बराच मावळला.

सलग भांडणं हाताळलेल्याने दोन दिवस फक्त खेळायचं, असंही सुचवून ठेवलं आहे. सक्ती नाही.

११ फेब्रुवारी

मुलं. सर्व्हरवर अल्पवयीन खेळाडू खूप आहेत. वय विचारलं नाही तरी चॅटवरून कळतं. त्यांच्या नजरेत अ‍ॅडमिन हा मोठा माणूस असतो, मग तो स्वतः एकोणीस वर्षांचा का असेना. त्याने नावाने हाक मारली तरी मुलगा हरखून जातो. याचा गैरफायदा घ्यायला फार डोकं लागत नाही.

या कलमांत मी कुणाचीही सवलतीची मागणी मान्य केलेली नाही. अ‍ॅडमिनने खेळाडूशी कामाचं बोलणं खासगी मेसेजमध्ये करायचं नाही. तक्रारीसाठी तिकीट उघडायचं, जे किमान दोन अ‍ॅडमिनांना दिसतं. खेळाडूने स्वतःहून खासगीत लिहिलं तर त्याला तिकिटाकडे वळवायचं. फोटो, शाळा, पत्ता, फोन विचारायचा नाही. मुलाने आपणहून सांगितलं तर पुसून टाकून त्याला समजवायचं. मुलाला वस्तू, रँक, खास वागणूक द्यायची नाही. एखादा मोठा खेळाडू मुलाला गुपित ठेवायला सांगतोय असं दिसलं तर पुराव्यासाठी थांबायचं नाही: आधी संपर्क तोडायचा, चॅट जपून ठेवायचं, सर्व्हर चालवणाऱ्यांना कळवायचं आणि गुन्ह्याचा संशय असेल तर पोलिसांकडे जायचं. आपणच गुप्तहेर बनून त्या माणसाला बोलतं करायचं नाही, त्याने मुलाचं आणि तपासाचं दोघांचं नुकसान होतं.

गंभीर चॅटची तक्रार थेट माइनक्राफ्टच्या यंत्रणेकडेही करता येते. २०२२ च्या जुलैमध्ये १.१९.१ आवृत्तीत ती सोय आली, आणि तिथून झालेला बॅन खासगी सर्व्हरांनाही लागू होतो. सगळं आपणच निस्तरायचं असं अ‍ॅडमिनने समजू नये.

१३ फेब्रुवारी

आयपी. मॉडरेटरांना खेळाडूंचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) दिसत होते, ते बंद केलं. अल्ट (एकाच माणसाची जादा) अकाउंट ओळखायला प्लगिन फक्त "जुळतं" किंवा "जुळत नाही" एवढंच सांगेल. आयपी बॅन टाळायचा: एका घरातली भावंडं, वसतिगृहातली मुलं, आणि अनेक ग्राहकांना एकच पत्ता वाटून देणाऱ्या इंटरनेट कंपन्यांचे सगळे ग्राहक एकाच आयपीवरून येतात. एकाला अडवायला जावं आणि दहा निरपराध बाहेर राहावेत.

२० फेब्रुवारी

अपिलाचं कलम चाचणीसाठी लावलं. ज्याने शिक्षा दिली त्याने अपील ऐकायचं नाही. तो फक्त आपली नोंद आणि पुरावा देईल. ऐकणारा सात दिवसांत कारणासह उत्तर देईल. खेळाडूला त्याच्याविरुद्धचा पुरावा दाखवायचा, तक्रार करणाऱ्याचं नाव सोडून.

जुन्या कारणाशिवायच्या बॅनवर अपिलं मागवली. बरीच आली. जिथे पुरावा सापडला तिथे बॅन कायम ठेवून कारण कळवलं, आणि त्यातल्या काहींनी चक्क आभार मानले. जिथे काहीच सापडलं नाही तिथे बॅन उठवला. एका जुन्या अ‍ॅडमिनला हे पटलं नाही. "त्याने केलं होतं, मला नक्की आठवतंय." त्याला खरंच आठवत असेल. पण त्या खेळाडूला आपली बाजू मांडायला त्या आठवणीत कुठे जागा आहे? तो अ‍ॅडमिन शेवटी म्हणाला, "ठीक आहे, पण आल्यावर लक्ष ठेवू." त्यालाही मी नाही म्हटलं. बॅन उठला म्हणजे तो बाकीच्यांसारखाच खेळाडू.

२६ फेब्रुवारी

नियमावली अजून मंजूर नाही आणि पहिली कसोटी आली. लकपर्म्सच्या लॉगमध्ये दिसलं की एका अ‍ॅडमिनने आपल्या खेळायच्या अकाउंटला काही मिनिटं क्रिएटिव्ह दिला आणि काढला. कोअरप्रोटेक्टमध्ये त्याच वेळी त्याच्या सोबत्याच्या पेटीत नेदराइटच्या (खेळातला सगळ्यात दणकट धातू) वस्तू आलेल्या. विचारल्यावर त्याने लगेच कबूल केलं: सोबत्याचं सामान सर्व्हरच्या बिघाडात गेलं होतं, त्याची भरपाई केली.

बिघाड खरा होता, लॉगमध्ये दिसतो. भरपाईही मिळायला हवी होती. पण त्याच बिघाडात इतरांचंही सामान गेलं होतं, आणि त्यांचा कुणी अ‍ॅडमिन सोबती नव्हता. टीमने ठरवलं: वस्तू काढून घ्यायच्या, बिघाडात नुकसान झालेल्या सगळ्यांना एकाच पद्धतीने, तिकिटावरून भरपाई, त्या अ‍ॅडमिनच्या परमिशन महिनाभर बंद, आणि काय घडलं ते खेळाडूंसाठीच्या घोषणांमध्ये त्याचं नाव न घेता लिहायचं. घोषणेवर दोघांचा आक्षेप होता की टीमची अब्रू जाईल. मी आग्रह धरला. खेळाडूच्या चुकीची घोषणा आम्ही रोज करतो.

तो अ‍ॅडमिन टीममध्ये राहिला, याचा मला आनंद आहे. भरपाईच्या तिकिटाची पद्धत त्यानेच लिहून दिली.

४ मार्च

मंजूर. मतदानात एक विरोध, दुसऱ्या अकाउंटच्या कलमाला. त्याचं म्हणणं नोंदवून ठेवलं आहे, सहा महिन्यांनी त्या कलमाचा फेरविचार होईल. नियमावली स्पॉनवरच्या फलकावर आणि घोषणांमध्ये लावली, अ‍ॅडमिनांच्या वागणुकीची तक्रार कुठे करायची या कलमासकट. अशी तक्रार सर्व्हर चालवणाऱ्या दोघांकडे आणि खेळाडूंनी निवडलेल्या एका प्रतिनिधीकडे एकाच वेळी जाईल.

उरलेलं काम: प्रतिनिधीची निवडणूक घ्यायची आहे, अल्ट अकाउंटांनी मतं वाढू नयेत म्हणून किमान खेळलेल्या तासांची अट ठरवायची आहे. नव्या मदतनीसांच्या प्रशिक्षणासाठी सरावाचे लॉग अजून दोन प्रकारचे हवेत, डुप्लिकेशनचे (खेळातल्या त्रुटीने वस्तूंच्या प्रती काढणं) आणि चॅटमधल्या छळाचे. आणि पद सोडणाऱ्या अ‍ॅडमिनसाठीचं कलम अपुरं आहे: परमिशन त्याच दिवशी काढायच्या हे लिहिलंय, पण त्याच्याकडे अर्धवट राहिलेली तिकिटं कुणाकडे जातील ते लिहायचं राहिलं. ते शनिवारच्या बैठकीत.